सावलीची मानकरीण

जगातल्या काही गोष्टी उभ्याने दिसतच नाहीत. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या दलदलीत पॅलाव्हिसिनिया लायेली नावाची यकृतका, शेवाळीसारखी एक इवली वनस्पती, राहते. तिच्या दर्शनाला जाणाऱ्याने आधी गुडघे, मग कोपरं आणि शेवटी प्रतिष्ठा चिखलात टेकवायची असते. बर्चच्या सावलीत मोलिनिया गवताचे झुपके उभे असतात, भांग न पाडलेल्या डोक्यांसारखे. त्यांच्या झिपऱ्या हलकेच बाजूला सारून भिंग डोळ्याला लावलं, की झुपक्याच्या उभ्या कडेला चिकटलेल्या फिकट हिरव्या पट्ट्या दिसतात. ना फूल, ना बी, ना खरं मूळ. मधली शीर सोडली तर सगळं अंग एका पेशीच्या जाडीचं. हिरवा रंग तिला लावलेला नसून तिच्यावर नुसता श्वासासारखा सोडला असावा, असं वाटतं.

इतक्या पातळ अंगाच्या जिवाच्या आवडीनिवडी मात्र फार जाड असतात. लग्नघरातल्या एखाद्या आत्याबाईंना पंख्याखाली गारठा वाजतो, दाराशी धूळ लागते आणि आतल्या खोलीत कोंदट होतं, तसंच हिचं. झुपक्याचा माथा कोरडा, पायथ्याशी पाणी तुंबलेलं, म्हणून मधली तेवढी उभी कड तिला मानवते. ऊन नको, वारा नको, बुडवणारं पाणीही नको. फक्त ओल हवी, आणि तीही बारमाही. आमच्या कोकणात जांभ्याच्या गडग्यांवर श्रावणात रिक्सियाचे हिरवे बिल्ले चिकटायचे. तीही यकृतकाच, पण शहाणी. दिवाळीनंतर वाळून गडप व्हायची आणि पुढच्या पावसात, मधे काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने, हजर. मरून दाखवण्याची ती कला पॅलाव्हिसिनियाला अवगत नाही.

या वनस्पतीचं आडनाव म्हणावं असं ‘लायेली’ आलं ते चार्ल्स लायेल यांच्यावरून. भूगर्भशास्त्रातले प्रसिद्ध लायेल नव्हेत, त्यांचे वडील. मुलाने खडकांत मुरलेला अथांग काळ वाचला आणि त्याचा ग्रंथ डार्विन बीगल जहाजावर घेऊन गेला; वडील मात्र न्यू फॉरेस्टच्या ओल्या कोपऱ्यांत शेवाळी धुंडाळत राहिले. हिमालयातल्या एका शेवाळीच्या प्रजातीलाही ‘लायेलिया’ नाव आहे, म्हणजे वडिलांची कीर्ती अगदीच दलदलीत रुतली नव्हती. पण मला हे गृहस्थ आवडतात ते त्यांच्या दुसऱ्या नादासाठी. दान्तेच्या प्रेमकवितांचा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला, तो 1835 मध्ये छापला गेला. त्यांच्या एका इटालियन कविमित्राने आपल्या मुलाचं नाव गेब्रिएल चार्ल्स दान्ते ठेवलं. त्यातला चार्ल्स म्हणजे हेच. तो मुलगा पुढे चित्रकार-कवी रोझेटी म्हणून गाजला.

त्या प्रेमकवितांतली बिआत्रिचे दान्तेला पहिल्यांदा दिसली नवव्या वर्षी. पुढे भेट म्हणावी असं क्वचितच काही घडलं. उरली ती कविता. पॅलाव्हिसिनियाचंही असंच दुराव्याचं: नर वेगळा आणि मादी वेगळी. नराचे शुक्राणू पोहत जाणारे, त्यांना वाट पाण्याच्या पातळ पापुद्र्याचीच. शेजारच्या झुपक्यापर्यंतचं हातभर अंतर म्हणजे त्यांच्या हिशेबी दान्तेच्या फ्लॉरेन्स शहराची आख्खी रुंदी. लायेलांनी दिवसा ही वनस्पती पाहावी आणि रात्री दिव्यापाशी त्या कविता उलगडाव्यात, हे मला फार सुसंगत वाटतं. त्यांना स्वतःला तसं वाटलं असेल का, कोण जाणे. मीलन साधलंच, तर पांढऱ्या पारदर्शक देठावर एक बोंड उभं राहतं, उकलतं, बीजाणू उधळतं आणि थोड्याच दिवसांत तो देठ मान टाकतो.

या साऱ्या नाजूक कारभाराखाली पीट नावाची जुनी ठेव असते. स्फॅग्नम शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आंबट करतं. तिथे मेलेलं काही धड कुजत नाही. वर्षाला साधारण मिलिमीटरभर साचत जातं. मीटरभर थर म्हणजे हजारेक वर्षांची शिल्लक. ती माणसाने चर खणून सुकवली, चुलीत घातली, बागेच्या कुंड्यांत भरली. पाणी उतरलं आणि ही पातळ मंडळी निमूट निघून गेली. जगाचा विचार केला तर पॅलाव्हिसिनिया दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात ती बरीच आढळते. पण ब्रिटनमध्ये ती इतकी आक्रसली, की जैवविविधतेच्या सरकारी आराखड्यात तिला जपण्याजोगी म्हणून जागा मिळाली.

खरी गंमत त्यानंतरची. सुकत चाललेल्या दलदलीत बर्चची झाडं घुसतात, म्हणून दलदल वाचवणारे आधी बर्चवरच कुऱ्हाड चालवतात. आणि हिला तर नेमकी त्याच घुसखोरांची सावली हवी! दलदल वाचवावी तर दलदलीतली सर्वांत लाजाळू रहिवासीण उन्हात उघडी पडते. दलदलवाले काय नि हिचे कैवारी काय, दोन्ही पक्षांची माणसं भली, दोघांच्याही बुटांत सारखंच पाणी. मला विचाराल तर आधी चर बुजवावेत आणि कुऱ्हाड जरा भिंतीला टेकवून ठेवावी. पाणी वर चढलं, की बरेचसे बर्च आपणच थकत जातात आणि आपली सावली एकदम न काढता थोडी थोडी आवरतात. तेवढ्या अवधीत पॅलाव्हिसिनियाला गवताच्याच सावलीत बूड टेकवायला जागा सापडेल. आणि एखादी सर नेमकी पडली, तर पलीकडच्या झुपक्यातल्या त्या दान्तेचंही काही जमून जाईल.