संत्र्याची साल

तुमच्या सोसायटीत ते कुठल्या विंगमध्ये राहतात तेवढं सांगा, बाकीचं मी सांगतो. रविवारची दुपार, पार्किंगचा कोपरा, अंगात विटका बनियन, तोंडाला मास्क, समोर पाटावर निजवलेलं गाडीचं चाक. हातातला स्प्रेचा डबा खुळखुळतोय, कारण रंग तळाशी बसू नये म्हणून डब्यात गोळी असते आणि ती ‘निदान दोन मिनिटं’ वाजलीच पाहिजे. ही दोन मिनिटं आपला डोळा लागता लागता सुरू होतात.

आमच्याकडे त्यांना चाकवाले काका म्हणतात. गाडी मारुती ८००. कंपनीनं ती २०१४ साली बंद केली, काकांनी अजून केलेली नाही. तिची १२ इंची लोखंडी चाकं त्यांना आरशासारखी लखलखीत हवी असतात. “गॅरेजवाल्याकडे टाका की,” असं सुचवलं तर काका दुखावतात. “तो मारतो हो. घासत नाही.”

घासणं हा काकांचा कुळाचार. आधी साबणानं धुणं, गंज खरवडणं, थिनरच्या फडक्यानं तेलकटपणा पुसणं. खड्डा असेल तिथे लांबी. मग प्रायमर, आणि त्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून. रंगाचे हात पातळ, दोन हातांत दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती. डबा वीतभर लांब. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. मध्ये हात थबकला की ओघळ आलाच. सगळ्यात वर लॅकर, आणि ते पुरतं कडक झालं की २००० नंबरचा पेपर आणि रबिंग कंपाउंड. पावसाळ्यात दुकान बंद, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते.

धूळ उडू नये म्हणून काका आधी जमिनीवर पाण्याचा सडा घालतात. “माझ्या दारात कधी चार थेंब शिंपडले नाहीत,” असं काकू गॅलरीतून सगळ्या विंगना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात. त्या दिवशी झाडूवाल्या मावशींना केर काढायची बंदी. टायरला रंग लागू नये म्हणून रिम आणि रबर यांच्या फटीत काका पत्ते खोचतात, गोल, एकावर एक. युक्ती नामी आहे, पत्ते सोसायटीचे आहेत. गणपतीत रात्री रमीचा डाव मांडला तेव्हा बदामाच्या राणीची अर्धी पाठ चंदेरी निघाली, आणि ती कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना पाठीमागूनच कळत होतं.

इथपर्यंत चालून गेलं असतं. खरा छळ पुढे आहे. रंग वाळला की काका चाक ट्यूबलाइटखाली धरतात, मान तिरकी करतात, एक डोळा मिटतात आणि रंगात उमटलेली ट्यूब बघतात. ट्यूबची कड सरळ दिसली तर रंग सपाट. कड थरथरली तर रंगावर बारीक खळगे, म्हणजेच ‘संत्र्याची साल’. डबा फार लांब धरला किंवा उन्हात मारला, की थेंब पसरायच्या आतच वाळतात आणि साल येते. मग पुन्हा घासा.

हे चाकापुरतं राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. शेजारच्यांनी नवा फ्रिज आणला, काका वाकले, डोळा मिटला, “साल आहे.” लग्नाच्या हॉलमध्ये ग्रॅनाइटची फरशी पाहून पंगत सोडून उकिडवे बसले आणि “वा, ट्यूब सरळ!” म्हणून उठले. वरबापाच्या टकलाकडेही तिरकी मान करून बघत होते, काकूंनी वेळीच कोपर मारलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांची कोरी गाडी दारात आली. हार, नारळ, पेढे, गाडीचं तोंड अजून शोरूमच्या रिबिनीत. काकांनी पेढा तोंडात टाकला, बॉनेटवर वाकले आणि निकाल दिला, “कंपनीचीच साल आहे.” त्या घरातून पुन्हा पेढा आला नाही.

आणि वाईट हे की ते खोटं बोलत नव्हते. नव्या गाडीच्या रंगातही थोडी साल असते. एकदा दिसली की दिसतच राहते. मला आता लिफ्टच्या दारात दिसते, बायकोच्या नव्या कपाटात दिसते.

मध्यंतरी कुणी मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून आमच्या रस्त्यावर रातोरात झेब्रा क्रॉसिंग उगवलं. एका पट्ट्याखाली गुलमोहराची शेंग होती. पेंटरनं ती उचलली नव्हती, तिच्यावरूनच पट्टा ओढला होता. सकाळी दूध आणायला निघालेले काका त्या पांढऱ्या शेंगेपाशी थांबले. मला वाटलं, आता साल निघणार. ते म्हणाले, “अहो, निदान झाडून तरी घ्यायचं.” आवाज रागाचा नव्हता, घरचं माणूस आजारी असल्यासारखा होता. पाहुणे आले नाहीत. शेंग आठ दिवसांत निघाली आणि पट्ट्यात तिच्या आकाराची फट राहिली. सांगायला जिवावर येतं, पण त्या दिवसापासून दुपारी डबा खुळखुळला की मी खिडकी लावत नाही. या गावात एक माणूस तरी रंगाआधी घासतो आहे.

परवा निवडणुकीचा उमेदवार दारोदार फिरत आला. कडक इस्त्री, तुळतुळीत हसू, मागे पंधरा कार्यकर्ते. पार्किंगमधल्या ट्यूबखाली तो काकांपुढे हात जोडून उभा राहिला. काकांची मान तिरकी झाली, एक डोळा मिटला.

“संत्र्याची साल,” ते म्हणाले.

मागच्या कार्यकर्त्यानं ते वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी संत्र्यांची अख्खी पेटी पोचली. काकांनी ती तशीच परत पाठवली. त्यातलं एक संत्रं मात्र ठेवून घेतलं, लोकांना दाखवायला नमुना म्हणून.