भावी खासदारांना एका भुसावळकराचं खुलं पत्र

प्रति,
रावेर लोकसभा मतदारसंघातील समस्त भावी खासदार,
राहणार चौकाचौकांतले फलक.



आधी अभिनंदन. लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ ची, पण तुम्ही आत्ताच आमच्या डोक्यावर येऊन बसलात. जामनेर रोडने निघालो की यावल रोडला लागेपर्यंत अर्धा डझन भावी खासदार मला हात जोडतात. सगळ्यांचा झब्बा पांढरा, सगळ्यांचं हसू एका मापाचं, खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस पासपोर्ट फोटो. नाव कुणाचंच घेत नाही. एकाचं घेतलं तर बाकीचे विचारतील, आमचं का नाही?

तुमची मेहनत मी पाहतो, भाऊ. लग्नात अक्षता पडायच्या आत तुम्ही हजर. दशक्रियेला घाटावर घरच्यांच्या आधी हजर. आणि हिवाळ्यात तर विचारूच नका. बामणोदची वांगी आली, शेतात काट्याकुट्यांचा जाळ पेटला, की भरीत पार्टीचं आमंत्रण येतंच. कळण्याची भाकरी, तेलाची धार आणि शेवटी 'साहेबांचे दोन शब्द'. भरिताला आम्ही येतो, हे खरं. पण गर्दी बघून मतांचा अंदाज बांधू नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या भरिताला हीच माणसं असतात. आमच्या ओळखीच्या एका काकांनी तर या मोसमात घरी वांगंच आणलं नाही.

कायद्याला तुमच्याकडून फार काही नको असतं. वय पंचवीस, देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव, पंचवीस हजारांची अनामत, अपक्ष असाल तर दहा सूचक. मान्यताप्राप्त पक्षाचे असाल तर एकच सूचक पुरतो, सोबत पक्षाचा एबी फॉर्म. खर्चाची मर्यादा ९५ लाखांची, आणि तिचं मीटर अर्ज भरल्यावर सुरू होऊन निकालाला थांबतं. त्याआधीचे फलक, भरीत, वाढदिवस, आरोग्य शिबिरं, महिलांच्या पैठणीच्या सोडती यांतलं काहीच त्यात धरत नाहीत. तुम्हाला निवडणुकीची इतकी घाई का, हे मला ही तरतूद वाचल्यावर कळलं.

पण एक काळजी आहे. ज्या मतदारसंघाचे तुम्ही भावी खासदार, तो मतदारसंघ तेव्हा असाच असेल का? महिला आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो जनगणना आणि फेररचनेला बांधलेला आहे. रेषा हलल्या, किंवा जागा महिलांसाठी राखीव झाली, तर या फलकांचं काय करणार? घरच्या ताईंचा फोटो आत्तापासून कोपऱ्यात छापून ठेवलेला बरा. काहींनी तो छापलाही आहे. दूरदृष्टी मानली पाहिजे.

भुसावळला हा अनुभव नवा नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत भुसावळ नावाचा लोकसभा मतदारसंघच होता. पुढच्या वेळी तो नकाशावरून गेला. २००८ च्या फेररचनेत जुन्या जळगाव मतदारसंघाचा मोठा भाग रावेर या नावाने निघाला आणि थेट बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर त्याला जोडलं गेलं. त्याच फटक्यात भुसावळ विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. गावातले कित्येक भावी आमदार त्या दिवशी माजी भावी आमदार झाले. २००९ पासून तिथे चारही वेळा संजय सावकारेच निवडून आलेत, पहिल्यांदा राष्ट्रवादीकडून आणि मग तीनदा भाजपकडून.

आता लोकसभेचा हिशोब. १९९१ पासून आमच्या भागाने भाजपचाच खासदार दिला. अपवाद एकच, १९९८ चे काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील. ती लोकसभा तेरा महिन्यांत बरखास्त झाली आणि २०२४ च्या जानेवारीत तो अपवादसुद्धा भाजपमध्ये गेला. रावेर झाल्यावर २००९ ला हरिभाऊ जावळे, आणि २०१४, २०१९, २०२४ ला रक्षाताई खडसे. ताईंचं मताधिक्य तिन्ही वेळा अडीच लाखांच्या वर. म्हणजे भाऊ, इथली खरी निवडणूक आमच्या बोटाला शाई लागण्याच्या कितीतरी आधी होते. तिचे मतदार मोजके, मतदानकेंद्र मुंबई-दिल्लीतल्या बंगल्यांचे दिवाणखाने. आम्ही पुढे त्यावर शिक्का मारतो.

त्या निवडणुकीचे नियम बघायचे तर शेजारच्या जळगावात बघा. २०१९ ला भाजपने स्मिता वाघ यांची उमेदवारी जाहीर केली. त्यांनी अर्जही भरला. मग पक्षाने अचानक उन्मेष पाटलांना उभं केलं आणि ते निवडून आले. २०२४ ला विद्यमान खासदार पाटलांना वगळलं, वाघ यांना तिकीट दिलं, पाटील ठाकऱ्यांच्या शिवसेनेत गेले आणि वाघ निवडून आल्या. मतदार दोन्ही वेळा तेच होते. त्यांना कुणी काही विचारलं होतं असं ऐकिवात नाही. भुसावळकराला तिकिटाची वेटिंग लिस्ट काही नवी नाही, पण वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालं नाही तर रेल्वे थोडे कापून पैसे परत देते. तुमचा पक्ष फलकांचे पैसे परत देतो का, ते एकदा विचारून घ्या.

चहाच्या टपरीवर मी हे बोललो तर एक जण म्हणाला, "काय भो, उमेदवार कुनीबी असो, आपल्याले काय?" हाच प्रश्न तुम्हाला सगळ्यात सोयीचा आहे, म्हणून त्याचं उत्तर मी तुम्हालाच लिहितो.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पूर्व खानदेशने नौशेर भरुचा यांना निवडून दिलं. मुंबईचे पारशी वकील. इथे त्यांची केळीची बाग नाही, जात नाही, भाऊबंद नाहीत, भरिताशी संबंध नाही. पण दुसऱ्या लोकसभेच्या कामकाजाचे खंड चाळा. हा माणूस वारंवार उभा राहून बोलताना दिसतो. आणि याच भागाचा दुसऱ्या टोकाचा अनुभवही आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २००५ च्या डिसेंबरात अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत जळगावचे वाय. जी. महाजन होते. एकाच मातीने हे दोघे दिल्लीला पाठवले. तेव्हा उमेदवार कोण, याने आपल्याला फरक पडतो, टपरीवरच्या भो.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही करायचं तरी काय? तापी ओलांडा आणि फैजपूरला जा. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबूच्या मंडपनगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची. ज्यांच्या नावाच्या महाविद्यालयासमोरून तुमच्या गाड्यांचे ताफे जातात, ते धनाजी नाना चौधरी तिथे राबणाऱ्यांत पुढे होते. समोर प्रांतिक निवडणुका होत्या, म्हणजे भावी मंडळी तेव्हाही असणारच. ठरलं काय? निवडणूक लढवायची. शेतकऱ्यांसाठी सारा आणि खंड कमी करण्यापासून कर्जापर्यंतचा कार्यक्रम आधीच मांडायचा. आणि मंत्रिपदं घ्यायची की नाहीत, ते निवडणुकीनंतर बघू! पद सगळ्यात शेवटी, भाऊ. तुम्ही पदापासून सुरुवात करता, मग पक्ष शोधता, आणि कार्यक्रम फलकावर जागा उरली तर. बहुधा उरत नाही, कारण तिथे शुभेच्छुक असतात.

खासदाराने करायचं काम इथे थोडं नाही. भुसावळ आणि वरणगावचे आयुध निर्माणी कारखाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी खात्यातून निघून कंपन्यांकडे गेले, भुसावळ यंत्र इंडियात आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियात. तिथल्या कामगारांच्या पोरांना पुढे नोकरी आहे का, यावर तुमच्यातल्या एकाने तरी दोन वाक्यं बोलावीत. सावद्याहून केळीचे रेक दिल्लीला जातात आणि तरी रावेरच्या शेतकऱ्याचं लक्ष बऱ्हाणपूरच्या भावाकडे. करपा, व्हायरस, वादळ, उन्हाची झळ यांत बाग गेली की फळपीक विम्याच्या दारात हेलपाटे. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज योजनेचं नाव आमच्या वडिलांनी ऐकलं होतं. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने करारावर सह्या केल्या. पुढचा पैसा आणि पाणी दोन्ही दिल्लीतून हलणार. हतनूर धरण आमच्याच तालुक्यात. पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात आणि शहरात नळाला रोज पाणी नाही. आठवडा उलटून जातो. नळ हे नगरपालिकेचं काम, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण पाणीपुरवठ्याच्या अमृत योजनेत केंद्राचा पैसा आहे, म्हणजे ती रखडल्यावर दिल्लीत विचारायला कुणीतरी हवंच. पेव्हर ब्लॉकच्या उद्घाटनाला येता, तसे हे विचारायलाही या.

यावर तुम्ही 'विकास करणार' असं उत्तर द्याल. तो विकास फलकावर छापून आलेला आहे, आम्ही वाचला.

म्हणून एक विनंती. एक कागद काढा, फलकाच्या खर्चात दहा हजार प्रती होतील. त्यावर फोटो नको. आयुध निर्माणी, केळी, तापीचं पाणी यांवर लोकसभेत गेल्यावर पहिल्या वर्षी काय मागणार, तेवढं लिहा. अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता आणि गुन्हे लिहावेच लागतात. हे स्वखुशीने लिहा. खाली सही आणि तारीख टाका. तिकीट मिळालं नाही आणि तुम्ही दुसऱ्या पक्षात गेलात, तरी तोच कागद घेऊन जा. तिकीट ज्याला मिळेल त्याचा कागद आम्ही मतदानाला जाताना खिशात घालू आणि पाच वर्षं फाडणार नाही. कागद आला नाही, तर भरिताला बोलवू नका.

आपला,
भुसावळचा एक मतदार
(शुभेच्छुक नव्हे)