निलंग्यात फ्लाइंग बोट

निलंग्याला रेल्वे नाही, विमानतळ नाही, समुद्राचा तर प्रश्नच नाही. अशा गावात प्रस्तुत लेखकाने फ्लाइंग बोटीचं, म्हणजे पाण्यावरून उडून पाण्यावरच उतरणाऱ्या जुन्या विमानाचं, प्लॅस्टिकचं मॉडेल बांधायला घेतलं. घरातून पहिला प्रश्न आला, "हे ठेवणार कुठं?" दुसरा शेजारच्या काकांनी विचारला. खोक्यावरचं चित्र त्यांनी हात लांब करून, चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाले, "इमान बांधलालाव ते बांधा. पन उतरवनार कुठं? मसलग्याच्या तळ्यात?"

प्रश्न चेष्टेचा असला तरी बिनबुडाचा नव्हता. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी भरून पहिली रेल्वे लातूरला आली, तो हा जिल्हा. तेव्हा इथं पाणी ढगांतून नाही, रुळांवरून आलं. पाण्यात उतरणाऱ्या यंत्राचा नाद इथं करणाऱ्या माणसाकडे लोक जरा काळजीनेच बघतात.

खोक्यात होतं शॉर्ट संडरलँड. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकत फिरणारं, चार इंजिनांचं, दुमजली, आत स्वयंपाकाची सोय आणि झोपायला बंक असलेलं धूड. 16 ऑक्टोबर 1937 रोजी ते पहिल्यांदा उडालं आणि 1959 साली एअरफिक्स कंपनीने त्याचा किट काढला. प्रमाण 1/72. म्हणजे सहा फुटी गडी एक इंचाचा होतो; पण मूळ विमानाचे पंखच 34 मीटरचे असल्यामुळे मॉडेलचेही दीड फुटाच्या वर जातात. शोकेसमधल्या ट्रॉफ्या, लग्नातली घड्याळं आणि तिरुपतीहून आणलेला बालाजी यांना सरकवल्याशिवाय ते मावत नाही, आणि बालाजी सरकवायची परवानगी घरात मिळत नाही. खोक्यावर लहान मुलांसाठी वयाची अट छापलेली असते. जास्तीत जास्त वय किती, हे कुठंच लिहिलेलं नसतं, एवढाच काय तो आधार.

मॉडेलचा गोंद हा गोंद नसतोच. तो प्लॅस्टिक वितळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. त्यामुळे चिकटलं ते चिकटलं, घटस्फोट नाही. बोटीच्या पोटाचे डावे-उजवे अर्धे जोडून रबरबँड आणि दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचे, मग फट बुजवायची. परदेशी पुटी मागवण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील बरं. दुकानदार सवयीने विचारतो, "नळ गळतोय का?" विमान गळतंय, असं सांगायला धीर लागतो.

खरी मजा पोटाखाली आहे. फ्लाइंग बोटीच्या तळाला मधोमध एक पायरी असते. सपाट तळ पाण्याला धरून बसतो. पायरीमुळे मागच्या भागाखाली हवा शिरते आणि पाण्याची पकड सुटते. तिच्याशिवाय एवढं जड विमान पाणी सोडून वर येणं मुश्कील. फट सपाट करण्याच्या भरात पॉलिशपेपर जोरात चालला तर नेमकी हीच पायरी घासून जाते, आणि मॉडेल दिसायला गुळगुळीत पण उडायला कुचकामी होतं. त्यात मे महिना. रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. पंखा लावावा तर पंख्याची धूळ ओल्या पंखावर, बंद करावा तर घामाचा थेंब तिथंच.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतिहासात सापडलं. 1930 च्या दशकात इम्पीरियल एअरवेजच्या एम्पायर बोटी, म्हणजे संडरलँडची प्रवासी भावंडं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनहून कराचीमार्गे कलकत्त्याला आणि 1938 पासून थेट सिडनीपर्यंत जाऊ लागल्या. लांब, पक्क्या धावपट्ट्या तेव्हा कमी होत्या आणि पाणी फुकट होतं. पण कराची ते कलकत्ता या वाटेत समुद्र नाही, राजस्थान आहे! मग त्या मेवाडातल्या राजसमंद तलावावर उतरायच्या, पुढे शिंद्यांच्या ग्वाल्हेरला, पुढे अलाहाबादला. राजसमंद हा महाराणा राजसिंहांनी सतराव्या शतकात, दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेला तलाव. दुष्काळी कामाचा तलाव पुढे विलायती विमानांचा थांबा झाला. हे ऐकून काका गंभीर झाले. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या घरच्यांनी खडी फोडलेली. म्हणाले, "मंग आमच्या पाझर तलावावर एकबी का उतरलं नाही?"

युद्धात बांधलेल्या काँक्रीटच्या धावपट्ट्यांनीच या बोटींचा घास घेतला. ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीने 1950 साली आपली शेवटची फ्लाइंग बोट सेवा बंद केली.

संडरलँडची भारतातली सगळ्यात भारी कामगिरी 1944 च्या पावसाळ्यातली. ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला लढणारे चिंडिट सैनिक जखमी आणि आजारी होऊन अडकले होते. दोन संडरलँड विमानं आसामात दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेवर तळ ठोकून होती. तिथून डोंगर ओलांडून ती इंदॉजी सरोवरावर उतरत आणि जखमींना घेऊन परत येत. महिनाभरात पाचशेच्या आसपास माणसं त्यांनी बाहेर काढली. या दोन विमानांना गर्ट आणि डेझी ही दोन विनोदी नट्यांच्या पात्रांची नावं पडली होती. पाणबुडी बुडवल्याच्या कथांपेक्षा ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला जास्त आवडते, म्हणून मॉडेल त्याच रंगात करायचं ठरलं. आता या आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांच्या गोल खुणेतला लाल ठिपका काढून टाकलेला असे; जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गफलत होऊन आपलेच लोक गोळ्या घालू नयेत म्हणून. किटमधले लाल ठिपक्याचे स्टिकर बाजूला ठेवून निळ्या रंगाचे वाटीभर पाण्यात भिजत घातले, तर काका हळहळले, "लाल शोभत होता की ओ."

पुरं झालेलं मॉडेल ठेवायच्या दोन रीती आहेत. एक, पारदर्शक रेझिनचं खोटं पाणी ओतून त्यावर तरंगवायचं. दुसरी, चाकांवर. संडरलँडला स्वतःची चाकं नसतात. दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढताना बाहेरून चाकांचे गाडे लावतात, आणि ते करायला माणसाला पाण्यात उतरावं लागतं. लातूर जिल्ह्यात खोटं पाणी ओतणं लेखकाला जिवावर आलं. विमान गाड्यांवर उभं आहे, बालाजीपासून चार बोटं अंतर राखून.

खरी, हाताच्या अंतरावरची वस्तू बघायची असेल तर ती मराठी माणसाच्या नेहमीच्या वाटेवरच आहे. भारतीय नौदलाने 1953 साली हवाई शाखा उभी केली ती संडरलँड बांधणाऱ्या शॉर्ट कंपनीच्याच सीलँड विमानांवर. पाणी आणि जमीन दोन्हींवर उतरणारी ही विमानं कंपनीने जेमतेम पंचवीसेक बांधली. त्यांतली 10 आपण घेतली. त्यांतलं एक गोव्यात, दाभोळीजवळ बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभं आहे. जगात अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. लातूर-निलंग्याहून दरवर्षी गाड्या भरभरून लोक गोव्याला जातात, बीचवर पाय भिजवतात आणि काजू घेऊन परततात. पुढच्या खेपेला एक तास काढा, पोरांना घेऊन जा आणि विमानाच्या पोटाखाली वाकून ती पायरी दाखवा. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.