रूमशास्त्राची रूपरेषा : सेनगाव तालुक्याच्या संदर्भात

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने घरी राहावे की विद्यापीठाजवळ भाड्याने खोली घ्यावी, हा प्रश्न भाडे, प्रवासखर्च आणि जेवण या तीन रकमांच्या बेरीज-वजाबाकीने सुटेल, असे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना वाटते. हिंगोली जिल्ह्यातील सेनगावात मात्र तो या रीतीने सुटत नाही, कारण हिशेबाच्या वहीत न मांडता येणाऱ्या बाबींचे, म्हणजे आजीच्या गुडघ्याचे, ई-पीक पाहणीचे, शेवटच्या गाडीचे आणि गल्लीतल्या काकांच्या मताचे वजन येथे भाड्यापेक्षा जास्त भरते.

विषयाची भौगोलिक बाजू आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके असून, त्यांपैकी सेनगाव गावात रेल्वे नाही. अकोला-पूर्णा मार्गावरचे हिंगोली डेक्कन हे स्थानक गाठायचे तर आधी रस्त्याने तासभर हिंगोलीकडे जावे लागते. हा रस्ता संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नरसीवरून जातो आणि त्याचा शैक्षणिक उपयोग पालकवर्ग पुरेपूर करून घेतो, कारण रोजच्या प्रवासाला कंटाळलेल्या मुलाने खोलीचा विषय काढला, की नामदेव महाराज याच वाटेवरून निघून पार पंजाबपर्यंत पायी गेले, तुला तर एसटी आहे, हा दाखला त्याच्यापुढे ठेवता येतो. त्यावर, महाराजांना पंचाहत्तर टक्के हजेरीची अट नव्हती, हे उत्तर मुलाला सुचते, पण ते तो मनातच ठेवतो.

ज्या विद्यापीठाशी या तालुक्याचा संबंध आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेड, परभणी, लातूर आणि हिंगोली या आजच्या चार जिल्ह्यांसाठी स्थापन झाले. त्याचा मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला, म्हणजे सेनगावाहून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. त्यापूर्वी या भागाचे विद्यापीठ 1958 साली स्थापन झालेले औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ होते, आणि त्याच्याही पूर्वी, निजामाच्या राजवटीत, उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे 1918 सालचे उस्मानिया विद्यापीठ होते, जिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तात्पर्याने, पणजोबांच्या पिढीला हैदराबाद, आजोबांच्या पिढीला औरंगाबाद आणि नातवाला नांदेड असे विद्यापीठ पिढीगणिक सेनगावच्या जवळ सरकत आले आहे, तरीही नातवाला ते लांब पडते, ही घरातील ज्येष्ठांची कायमची तक्रार आहे. हे मत मांडणारे ज्येष्ठ स्वतः हैदराबादला गेले होते असे नाही. बहुतेकांचे शिक्षण सातवीला थांबलेले असते, पण अंतराबद्दल बोलण्याचा त्यांचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही.

निवासाचे प्रकार पाहता पहिला म्हणजे शुद्ध गृहवास. सेनगावात तोष्णीवाल कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय असल्यामुळे पहिली पदवी घरचे जेवण जेवून मिळवता येते. दुसरा प्रकार अपडाऊन, म्हणजे सकाळी बसने हिंगोलीला किंवा जवळच्या दुसऱ्या गावी जाऊन संध्याकाळी परत येणे. विद्यार्थ्याच्या मासिक पासावर एसटी महामंडळ सुमारे दोन-तृतीयांश सवलत देत असल्यामुळे तो कागदावर सर्वांत स्वस्त ठरतो. तिसरा म्हणजे रूम. खोली हा शब्द मराठी असला तरी सेनगावचा मुलगा खोली घेत नाही, तो रूम करतो, आणि रूम केल्यावर मेस लावतो, म्हणजे महिन्याचे पैसे आगाऊ भरून एखाद्या खानावळीत दोन वेळच्या जेवणाची सोय करून घेतो.

चौथा प्रकार, नातेवाइकांकडे राहण्याचा, अलीकडे मागे पडला असला तरी या जिल्ह्याच्या बौद्धिक इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. विचारवंत नरहर कुरुंदकर यांचा जन्म 15 जुलै 1932 रोजी आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे झाला आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते हैदराबादला आपले मामा, मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. प्राध्यापकाच्या घरी राहण्याचा लाभ असा, की छपराबरोबर पुस्तकेही फुकट मिळतात. त्यातली मोठ्या प्रमाणावर वाचली गेली असावीत हे कुरुंदकरांच्या पुढील लेखनावरून दिसते; परीक्षेशी मात्र त्यांचे फारसे सूत जमले नाही आणि पदवी बऱ्याच उशिरा हाती आली, तरी पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. या उदाहरणाचा आधार घेऊन आपल्या तीन विषयांत राहिलेल्या एटीकेटीचे समर्थन करणारे विद्यार्थी तालुक्यात आढळतात. त्यांच्या मामांच्या घरी पुस्तकांचे कपाट नसते, एवढाच या तुलनेतील दोष आहे.

गृहवासाचा खर्च शून्य आहे, हा सार्वत्रिक समज तपासून घेण्यासारखा आहे. घरी राहणारा विद्यार्थी भाडे रोख देत नसला तरी ते तो कामात फेडतो, आणि गेल्या काही वर्षांत या फेडीचे स्वरूप पार बदलले आहे. पूर्वी त्याला गुरांना पाणी दाखवणे, गिरणीतून दळण आणणे, पाहुण्यांसाठी चहापत्ती आणणे अशी कामे असत. आता घरात स्मार्टफोन नीट चालवणारा तोच असल्यामुळे तो कुटुंबाचा बिनपगारी कारकून झाला आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे आपल्या शेतात काय पेरले आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, मोबाइलवरील ॲपमध्ये करायची. ‘शेतकऱ्याने स्वतः’ याचा अर्थ बी.एस्सी. द्वितीय वर्षातल्या मुलाने, असा सेनगाव तालुक्यात लावला जातो. पीकविम्याचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, सातबाऱ्याचा उतारा आणि आधारशी मोबाइल क्रमांक जोडणे ही कामे त्याच खात्यात जमा होतात. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा घरी राहणाऱ्या मुलांनी आई, दोन काकू, आत्या आणि शेवटी गल्लीतल्या सर्व भगिनींचे अर्ज भरले. महाविद्यालयाच्या सत्रान्त परीक्षेचा अर्ज मात्र त्यांपैकी काहींनी विलंब शुल्कासह भरला, कारण स्वतःच्या कामाला त्यांना सवड मिळाली नव्हती.

रूम करण्यामागची खरी प्रेरणा येथे आहे, आणि अभ्यासाला शांतता मिळते हे जे कारण वडिलांना सांगितले जाते, ते खोटे नसले तरी अपुरे आहे. नांदेडच्या रूमवर असलेल्या मुलाला सोयाबीनच्या शेतात उभे राहून छायाचित्र काढता येत नाही, हा भाड्याच्या खोलीचा सर्वांत मोठा शैक्षणिक फायदा होय. अर्थात हा फायदा शनिवारपर्यंतच टिकतो, कारण शुक्रवारी रात्री आईचा फोन येतो, “जेवलास का रं?” या प्रश्नाने सुरुवात होते, लेकरू वाळून गेले असणार असा निष्कर्ष आवाजावरूनच काढला जातो आणि फोन बंद होता होता वडिलांचा आवाज ऐकू येतो, की उद्या आलास तर तेवढी पाहणी करून टाक, मुदत संपायली.

रूमची अंतर्गत रचना सर्वत्र सारखीच असते. बारा बाय दहाच्या जागेत तिघे जण, दोन कॉट आणि एक गादी अशी व्यवस्था असून, गादीवर कोणी झोपायचे हे पाळीने ठरते आणि पाळी कोणाची हे कधीच ठरत नाही. घरमालक डिपॉझिट घेतो, म्हणजे खोली सोडताना परत मिळेल असे सांगून काही रक्कम ठेवून घेतो, आणि पुढे ती रंगकामात जाते. मेसमधील वरण पातळ असते, या विधानाला सत्य असण्याची गरजच उरलेली नाही, कारण घरच्या वरणाशी तुलना होणारे कोणतेही वरण पातळच ठरते. म्हणूनच विद्यार्थी सुट्टीनंतर परत जाताना ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, तुरीची डाळ आणि तेलाची बाटली यांनी भरलेली पिशवी एसटीच्या रॅकवर चढवतो. ही पिशवी इतकी जड असते, की त्याने घर सोडले असे म्हणण्यापेक्षा घराचा एक तुकडा तोडून सोबत नेला, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अचूक ठरेल. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिघांच्या पिशव्यांतील पीठ एकत्र होते, आणि सेनगाव, कळमनुरी व वसमत यांच्यातील सहकार्याचे यापेक्षा चांगले उदाहरण जिल्ह्याच्या राजकारणात शोधून सापडत नाही.

घरच नांदेडला किंवा लातूरला हलवणे हा या विकासाचा पुढचा टप्पा होय. अकरावी-बारावीच्या खासगी शिकवण्यांसाठी ही दोन शहरे मराठवाड्यात प्रसिद्ध असून, नीट किंवा जेईईच्या तयारीला बसलेल्या मुलासाठी अनेक कुटुंबे पूर्ण फ्लॅट भाड्याने घेतात आणि आई, काही वेळा आजीही, मुलासोबत तिकडे राहायला जाते, ज्यामुळे मूळ प्रश्न उलटा होऊन बसतो. मुलगा भाड्याच्या घरात आईच्या हातची भाकरी खात असतो, तर वडील सेनगावातल्या स्वतःच्या, पिढीजात, एक रुपयाही भाडे न लागणाऱ्या घरात एकटे राहून खानावळीत जेवत असतात आणि सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे अडत्याकडून मिळालेल्या विक्रीच्या रकमेतून, तिकडचे भाडे पाठवत असतात. मेसच्या पातळ वरणाविषयी विद्यार्थी वर्षानुवर्षे जे सांगत आले, त्याची खात्री पटलेले पालक याच गटात सापडतात. अशा कुटुंबात ‘घरी कधी येणार?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, हे अजून ठरलेले नाही. ई-पीक पाहणी मात्र वडिलांना स्वतः शिकावी लागते, आणि शासनाच्या मूळ अपेक्षेप्रमाणे ‘शेतकऱ्याने स्वतः’ नोंद केल्याची उदाहरणे प्रामुख्याने येथेच आढळतात.

मुलींच्या बाबतीत या साऱ्या चर्चेला वेगळा नियम लागतो, आणि त्यात विनोदाला जागा कमी आहे. मुलासाठी ‘रूम की अपडाऊन’ असा प्रश्न असतो, तर मुलीसाठी तो बहुतेक वेळा ‘अपडाऊन की शिक्षण बंद’ असा असतो, कारण वसतिगृहात जागा मिळाली तर घरचे तयार होतात, खाजगी रूमला होत नाहीत. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो आणि 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. या दोन निर्णयांनी तालुक्यातील मुलींच्या शिक्षणासाठी जे केले, ते अनेक परिसंवादांना जमलेले नाही. अडचण राहते ती संध्याकाळच्या गाडीची. प्रात्यक्षिक लांबले आणि गाडी गेली, तर मुलगा मित्राच्या रूमवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी त्याची गोष्ट रंगवून सांगतो, तर मुलीच्या बाबतीत त्याच घटनेवर घरात बैठक बसते.

शासनाने या प्रश्नावर घेतलेली भूमिका लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली, म्हणजे वसतिगृहाऐवजी राहण्या-जेवण्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात देण्याची व्यवस्था. मोठी शहरे वगळून इतर ठिकाणांसाठी सुरुवातीला ठरलेल्या वार्षिक 43,000 रुपयांत भोजनासाठी 25,000, निवासासाठी 12,000 आणि निर्वाहासाठी 6,000 रुपये होते. छपरापेक्षा जेवणाला दुपटीहून अधिक रक्कम देऊन मंत्रालयाने सेनगावातील कोणत्याही आईशी पूर्ण सहमती दर्शवली आहे, असा प्रसंग प्रशासनाच्या इतिहासात विरळा. महिना हजार रुपयांत नांदेडला स्वतंत्र खोली मिळते की गादीवरची पाळी, हे मात्र त्या आदेशात लिहिलेले नाही.

वसतिगृहांच्याही आधीचा काळ पाहायचा, तर राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे वसतिगृह सुरू केले, त्यापूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी ठरवून घेत, आणि तो लाभही मोजक्या जातींच्या मुलांनाच मिळे. त्या तुलनेत आजचा रूमवासी सुखी आहे, हे त्याला पटवून देण्याचा प्रयत्न करू नये. तो मेसला जाण्याच्या घाईत असतो.

वरील विवेचनावरून व्यवहारापुरता निर्णय द्यायचा, तर तो असा : पहिली पदवी सेनगावात होत असेल, तर मुलाने घरीच राहावे आणि घरच्यांनी परीक्षेच्या महिन्यात त्याच्याकडून एकही अर्ज भरून घेऊ नये, हिंगोलीपर्यंत अपडाऊन परवडते, पण विज्ञानाच्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिके वाढल्यावर ते परवडत नाही, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी नांदेडला रूम करण्याला पर्याय नाही, मग वडिलांना खानावळीत जेवावे लागले तरी. मात्र घरमालकाच्या हाती डिपॉझिट ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने बसस्थानकावरील चौकशी खिडकीवर जाऊन सेनगावकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि ती रोज सुटते का, हे दोन वेगळे प्रश्न वेगवेगळे विचारून घ्यावेत.