टायर उलटा बसलाय

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात, पंक्चरच्या दुकानापुढच्या बाकड्यावर, एक तात्या हमखास सापडतात. स्वतःचा ट्रॅक्टर नाही, कधी चालवलेला नाही. पण ट्रॅक्टर पुढून गेला की चहाची बशी खाली ठेवतात, उठतात, ओल्या रस्त्यावर उमटलेल्या ठशाशी उकिडवे बसतात आणि निकाल देतात, "टायर उलटा बसलाय." डिझेल जास्त जातंय? टायर उलटा. नांगर खोल धरत नाही? टायर उलटा. गावातलं एक लग्न मोडलं तेव्हासुद्धा तात्यांची नजर मुलाच्या दारातल्या ट्रॅक्टरवर रेंगाळली होती म्हणतात.

तात्यांचा पुरावा पक्का असतो. मागच्या टायरवर रबराचे जाड तिरपे दांडे असतात, दोन्हीकडून मध्याकडे आलेले, बाणासारखे. ट्रॅक्टर पुढं चाललाय म्हटल्यावर बाण पुढं दाखवणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मातीतला बाण तर मागं दाखवतोय! पुढच्या चाकाला नुसत्या सरळ तीन रेघा असतात, त्या सुकाणू नीट वळावं म्हणून. तात्यांच्या मते तिथला बाण झिजून गेलाय.

हवेचे टायर ट्रॅक्टरला लागले ते १९३२ च्या सुमारास, अमेरिकेत. त्याआधी लोखंडी चाकं होती. त्या काळी तात्यांसारखी माणसं दिवस कसा काढत असतील, मला कोडं आहे.

एकदा पंक्चरवाल्या पोरानं हिंमत केली. ट्यूबवर भोकाची खूण करायचा खडू घेतला, सोल्युशनच्या डब्यावर बाण काढला, बाण वर ठेवून डबा बाकड्यावर ढकलला. "तात्या, वर बाण कुणीकडं?" "पुढं." डबा अर्धा फिरला. "आता खाली?" तात्यांनी वाकून बघितलं. बाण मागं होता.

"म्हणून ठसा मागं दिसतो तात्या. चाक वर पुढं जातं, खाली मागं. टोक आधी रुततं आणि चिखल मधनं दोन्ही कडांना सरकून बाहेर पडतो. उलटा बसवला तर चिखल मधेच गोळा होतो."

तात्यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाले, "डबा वेगळा, ट्रॅक्टर वेगळा."

पोरगं हरलं नाही. चाकात हवा किती, वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलंय का, हेही बघावं लागतं म्हणालं. नांगरताना शंभर फेऱ्यांतल्या दहा-पंधरा घसरण्यात जायच्याच, आणि डांबरी रस्त्यावर तर उलटसुलट फारसं कळतही नाही. हे सगळं तात्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकून घेणं हा त्यांचा मोठा गुण. त्याचा परिणाम काही होत नाही, एवढंच.

मग जुलै आला. उसाच्या आडसाली लागणीसाठी आमच्या शेजाऱ्याला सऱ्या सोडायच्या होत्या. सरीच्या मापाला बसावीत म्हणून त्यानं मागची दोन्ही चाकं आतली बाजू बाहेर करून बसवली. असं केलं की डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं घालावं लागतं, नाहीतर नक्षी खरोखरच उलटी होते. गडी घाईत होता. चाकं आहे त्याच बाजूला ठेवली.

ट्रॅक्टर दुकानापुढून गेला. तात्या उठले, ठशाशी बसले. बाण पुढं दाखवत होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग टोपी काढून कपाळ पुसलं. "बघा," म्हणाले, "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सुलटा बसवला."

काळ्या रानात दुसऱ्याच सरीला ट्रॅक्टर बसला. चाकं जागेवर फिरत होती. दांड्यांमध्ये चिखल असा गच्च भरला होता की नक्षी दिसेना, टायर नुसता गुळगुळीत लाडू झाला होता. सगळे बांधावर उभे. पंक्चरवाला पोरगा तात्यांकडं बघत होता, मी पोराकडं.

"वाफसा नव्हता," तात्या म्हणाले.

हे मात्र खरं होतं. तीन दिवस पाऊस लागून होता, अशा रानात सुलटा टायरही तरला असता की नाही कुणास ठाऊक. पोरानं तोंड उघडलं आणि मिटलं.

ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला. बांधापाशी तो वळला तसे तात्या उकिडवे बसले, ठशावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"ह्याचा उलटा आहे. ह्याच्यानं निघायचा नाही."

त्यानं एका झटक्यात काढला.