साहेब मीटिंगमध्ये आहेत

चाकूरला सभेचं अप्रूप नाही. इथलेच शिवराज पाटील १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते; त्यांच्याच काळात, १९९३ मध्ये, संसदेत खात्यांवर नजर ठेवणाऱ्या सतरा स्थायी समित्या उभ्या राहिल्या. अशा गावात मीटिंगचं इंग्रजी चुकलेलं कसं चालेल?

म्हणून नियम पाठ करा. ‘डिस्कस अबाउट’ म्हणायचं नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘प्रीपोन’ला नाक मुरडू नका, ऑक्सफर्डच्या कोशानं तो शब्द केव्हाच घेतलाय. अर्थात आपल्याकडे तो वापरायची वेळ येत नाही; मीटिंग अलीकडे आलेली कुणी पाहिलीय? साहेब ‘इन अ मीटिंग’ असले तर दार बंद आहे, बसून राहा. ‘ॲट अ मीटिंग’ असले तर ते लातूरला गेलेत, उद्या या. फेरफाराची फाईल दोन्ही वाक्यांत जागची हलत नाही. इतिवृत्तात मात्र ‘इट वॉज डिसायडेड’ असंच लिहावं. कर्मणी प्रयोगात कुणी ठरवलं ते सांगावं लागत नाही.

ग्रामसभेची तऱ्हा आणखी सोपी. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. एवढी सवलत इंग्रजी व्याकरणातही नाही.

तेव्हा इंग्रजी सुधाराच. पण पुढच्या मीटिंगला गेलात तर एवढंच विचारा: ‘विल बी डन’चं ‘डन’ कधी होणार?