चुकीचा बाजारभाव

सरकारी कामात चूक सापडली की कारकुनाला मेमो मिळतो. टपाल तिकिटावर सापडली की तिचा लिलाव होतो. 1918 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने 24 सेंटच्या तिकिटावर विमान उलटे छापले. अशा 100 तिकिटांचा एक ताव 24 डॉलरांना खिडकीतून बाहेर पडला आणि आज त्यातले एकेक तिकीट लाखो डॉलरांना जाते. सरळ विमानाच्या तिकिटाला तसा भाव कोणी देत नाही. संग्राहक म्हणतात, आम्ही इतिहास जपतो. मान्य, पण सरळ विमानाचे खाते तेच, साल तेच, किंमतही तीच. मग इतिहास काय फक्त उलट्या विमानातच बसून आला?

दुर्मिळतेला मोल असते, हा आक्षेप अधिक वजनदार. त्याचे उत्तर त्याच खात्याने 1962 साली दिले. संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस दाग हामरशोल्ड यांच्या स्मृतितिकिटावर पिवळा रंग उलटा बसला, तेव्हा खात्याने तीच चूक मुद्दाम कोट्यवधी प्रतींत छापली आणि घबाडाची रद्दी केली. 2013 साली तर कमाल झाली. खात्याने उलटे विमान स्वतःच दोन डॉलरांना विकायला काढले आणि सरळ विमानाचे अवघे 100 ताव गुपचूप त्यांत मिसळले. आता संग्राहक सरळ विमानासाठी धावू लागले! म्हणजे भाव विमानालाही नाही आणि इतिहासालाही नाही. तो आहे शेजाऱ्याकडे नसण्याला. अल्बम जरूर सांभाळा, फक्त त्याला मुदत ठेव समजू नका.